मुखपृष्ठ पैशामुळे बिघडत नाही

मंडळी, आज नेटवर एका नव्या कादंबरीचं मुखपृष्ठ समोर आलं आणि डोकंच फिरलं. लेखिकेची पहिलीच कादंबरी, खाली अभिनंदनाचा पाऊस, आणि शीर्षकातली ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर! आतली 240 पानं निदान दोनदा प्रूफातून गेली असतील. सगळ्यात मोठ्या टायपात छापायचे तीन शब्द मात्र कुणीच वाचले नाहीत?

यात टायपिंगचा दोष नसतो. मजकूर बरोबरच असतो. फोटोशॉपमध्ये चुकीच्या सेटिंगवर युनिकोड देवनागरी पेस्ट केली की वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, रफार जागा सोडतो, जोडाक्षरं फुटून हलन्त उघडे पडतात. टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये, आवृत्तीप्रमाणे, 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' किंवा 'वर्ल्ड-रेडी' पर्याय निवडायचा, नवी फाइल घ्यायची. इनडिझाइन असेल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायचा. संपलं काम! याला कुठलं बजेट लागतं?

आणि त्या मुखपृष्ठावर एवढंच नाही. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. अहो, ही रोमन लिपी नव्हे! हे अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. त्यावर अक्षरं आडवी ताणली आहेत, म्हणजे उभे दंड जाड झाले, शिरोरेषा होती तेवढीच राहिली, टाइपाचा सगळा तोल गेला. मग पिवळी बॉर्डर. फाँटमध्ये अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात, त्यामुळे बॉर्डर दिली की प्रत्येक सांध्यावर रेघ उमटते. कोरलमध्ये आधी कर्व्ह करून वेल्ड करा, इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन करून युनाइट करा, मग द्या काय द्यायची ती बॉर्डर. दुसऱ्या ओळीचा रफार पहिल्या ओळीच्या उकारात घुसलाय, कारण ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवलंय. आपल्या लिपीला वरही जागा लागते आणि खालीही.

चित्राबद्दल तर बोलायलाच नको. पण बोलतेच. नऊवारीतली बाई, काष्टा कुठे खोचलाय ते देवाला ठाऊक, पदर उजव्या खांद्यावर, मागे दुकानाच्या पाटीवर देवनागरीसारखं दिसणारं पण कुठल्याच भाषेतलं नसलेलं काहीतरी. एआयने काढलेलं चित्र आहे हे शेंबडं पोरही सांगेल. एआय वापरू नका असं मी म्हणत नाही. निदान हात, बोटं, पदर आणि पाट्या तरी बघा. कादंबरी ज्या गावातली आहे, त्या गावात असली बाई कधी नव्हती.

छापताना काय होणार तेही दिसतंय. डेमी आकाराच्या पुढच्या पानाला बाहेरच्या बाजूंचं 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून साधारण 143 बाय 222 मिमी चित्र लागतं, 300 डीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) सुमारे 1700 बाय 2600 पिक्सेल. नेटवरून उतरवलेलं 600 पिक्सेल रुंदीचं चित्र तिथे ताणलं तर इंचाला जेमतेम 107 पिक्सेल उरतात. मग बाईचा चेहरा धुरकट येणारच. स्क्रीनवरचा झळझळीत निळा आरजीबीतून छपाईच्या सीएमवायके रंगांत गेला की मळकट जांभळट होतो, आणि वर मॅट लॅमिनेशन केलं की आणखी दबतो. चार रंगांच्या गडद पार्श्वभूमीवर मलपृष्ठाचा ब्लर्ब (पुस्तकाची ओळख करून देणारा मजकूर) 8 पॉइंटच्या पांढऱ्या अक्षरात सोडलाय. छपाईत एखादा रंग केसभर सरकला तरी अनुस्वार बुजणार. तिथे 'आनंद'चा 'आनद' होतो, लोकहो.

डीटीपी करणाऱ्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्या, मुलांवर मात्र माझा राग नाही. संध्याकाळी फाइल येते, सकाळी छपाईची प्लेट करायची असते, पुस्तक कशाबद्दल आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. वेळापत्रक ठरवणारा वेगळाच असतो.

प्रकाशकांची अडचण असते, मान्य. आवृत्ती छोटी, खर्च निघत नाही. पण दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर या मुखपृष्ठकारांच्या काळी काय सुबत्ता होती? प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक करावा लागायचा, म्हणून दोन-तीन रंगांत भागवायचे आणि त्या मर्यादेतच जीव ओतायचे. अक्षरकार कमल शेडग्यांनी तर नाटकांच्या जाहिरातींत नुसत्या अक्षरांतून नाटकाचा स्वभाव उभा केला. आज लाखो रंग हाताशी आहेत आणि आपण शीर्षकाला बेव्हल, एम्बॉस आणि सावली देऊन मोकळे होतो. वाईट वाटतं हो.

कणा, म्हणजे पुस्तकाची शिवणीकडची उभी कड, बघितला तर पुन्हा भडका. अक्षरं एकाखाली एक रचलेली! जोडाक्षराचं काय करायचं मग? अख्खी ओळ फिरवून कण्याच्या लांबीने लावायची असते. आणि कण्याची रुंदी अंदाजाने घ्यायची नसते. 80 जीएसएम मॅपलिथोचा (पुस्तकाच्या आतल्या पानांचा कागद) एक कागद साधारण 0.1 मिमीचा, 240 पानं म्हणजे 120 कागद, म्हणजे 12 मिमी कणा. आधी 200 पानं धरून 10 मिमीचा कणा केला आणि ऐनवेळी प्रस्तावनेने 40 पानं वाढवली की घडी 2 मिमीने चुकते, शीर्षक कण्यावरून घसरतं. अंतिम पानसंख्या हातात आल्याशिवाय कणा करू नका. छापखान्यातून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि मोजपट्टी लावा.

मागचा बारकोड लाल रेघांत आहे, "डिझाइनशी जुळावा" म्हणून. बऱ्याच स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेघ आणि पांढरा कागद सारखेच दिसतात. काळ्या रेघा, पांढरी चौकट, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. यात कलाकुसर करायची नसते.

लेखक मंडळी, विशेषतः पहिलं पुस्तक येणाऱ्यांनो, भिडेखातर मोबाइलवरच्या जेपीजीला "छान आहे" म्हणून टाकू नका. खऱ्या आकारात कागदावर प्रिंट मागा, ब्लर्बसकट. शीर्षक, तुमचं नाव आणि कणा पुस्तकाशी संबंध नसलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. तो अडखळला तर फाइल परत पाठवा. प्रकाशक रागावला तरी पाठवा.