मशीन बंद नसतं

गेल्या महिन्यात एका रविवारी आतेभावाचा भांडुपहून फोन आला. आत्याच्या कंबरेचा एमआरआय झाला, हे सांगायला. महापालिकेच्या रुग्णालयात तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती. तेवढी कळ तिला काढवत नव्हती, म्हणून त्याने एका खाजगी सेंटरला फोन केला आणि त्याच रात्री साडेनऊचा नंबर लागला. "बघ ताई, आपल्याकडे पैसे मोजले की रात्रीसुद्धा काम होतं. तुमच्या इंग्लंडात किती थांबवतात?" मी खरं ते सांगितलं: तातडीचं नसेल तर कित्येक आठवडे. तो खूश झाला. एमआरआय काढणं हेच माझं काम, म्हणून मग मी सवयीने विचारलं, "आत तिच्याबरोबर कोण गेलं होतं?"

"मीच गेलो. तिला टेबलावर चढवत नव्हतं ना. टेक्निशियन एकटाच होता बिचारा, बाहेर अजून तिघं बसलेले. म्हणाला, या आत, मशीन बंद आहे."

खिशात मोबाइल होता का? होता. बाइकची किल्ली? तीही होती. आत्याला कोणी काही विचारलं का, अंगात कुठे क्लिप, स्टेंट, पेसमेकर? "फॉर्मवर सही घेतली," तो म्हणाला. फॉर्म इंग्रजीत होता आणि आत्या सातवी शिकलेली आहे.

काळजात धस्स झालं. झालं काहीच नाही, रिपोर्टही नीट आला. पण "मशीन बंद आहे" हे वाक्य मी मुंबईत नोकरी केली तेव्हा इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते कानावर पडलं की अजून पाठीतून शिरशिरी जाते.

एमआरआयचं मशीन बंद नसतं. हे एवढंच मला आतेभावाला सांगायचं होतं आणि आज इथे सांगायचं आहे. आतला चुंबक म्हणजे तारेची मोठी गुंडाळी. ती उणे 269 अंशांच्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेली असते. एवढ्या थंडीत तारेचा विजेला विरोध उरत नाही, म्हणून एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. रात्री, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत, अगदी बिल्डिंगची वीज गेली तरी चुंबक तिथेच असतो. टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप. नेहमीच्या दीड टेस्लाच्या मशीनची ताकद पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट. लोकांची गफलत होते ती आवाजामुळे. स्कॅन चालू असताना जो ठकठक, घुर्रघुर्र आवाज येतो तो चुंबकाचा नव्हे, चित्र काढायला लागणाऱ्या वेगळ्या कॉइलचा. तो थांबला की माणूस समजतो, बंद झालं.

त्यात चुंबकाची ही लोखंडाला लागणारी ओढ दगा देणारी आहे. दारात उभे राहा, काही जाणवत नाही. आणखी दोन पावलं टाका, वस्तू हातात जरा जड वाटते. तिसऱ्या पावलाला ती हिसकली जाते. भिंतीवर लाल बटण असतं, पण ते पंख्याच्या बटणासारखं नाही. ते दाबलं की हेलियमची वाफ होऊन पाइपातून छतावर जाते, चुंबकत्व उतरायला मिनिटभर तरी लागतं आणि मशीन पुन्हा उभं करायला लाखो रुपये आणि कित्येक दिवस जातात.

जानेवारी 2018 मध्ये नायर रुग्णालयात एक 32 वर्षांचा माणूस आजारी नातेवाइकासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि परत आला नाही. बातम्यांत घरच्यांनी सांगितलं होतं की मशीन बंद आहे असं त्यांना सांगण्यात आलं. मी तेव्हा मुंबईतच, दुसऱ्या रुग्णालयात नोकरीला होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात सगळ्या त्यावरच बोलत होत्या आणि मी गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये टाकलं. त्याआधी 2014 मध्ये खारघरला टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात दोन कर्मचारी असाच सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले होते. म्हणजे नायरच्या वेळी मुंबईला ही गोष्ट नवी नव्हती.

नायरनंतर चर्चा काय झाली? डॉक्टर आणि वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. भरपाई किती मिळणार, यावर बोललं गेलं. वॉर्डबॉयला अक्कल नव्हती का, असं सगळे विचारत होते. पण त्या दारात उभं राहून "थांबा" म्हणायचा अधिकार नक्की कोणाचा आणि तो म्हटला तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहतं, हा प्रश्न मी त्या दिवसांत आमच्या कँटीनबाहेर कुठे ऐकला नाही.

कँटीनमध्ये मात्र आम्ही दुसरं काही बोलत नव्हतो, कारण आम्हाला उत्तर माहीत होतं. अधिकार कोणाचाच नव्हता.

मी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम, केला. शिक्षण चांगलं मिळालं, हे मी इथल्या सहकाऱ्यांनाही सांगते. पण नोकरीत मी "एमआरआयवाली" होते. एका रात्री दोनच्या सुमाराला वरच्या मजल्यावरून पेशंट आला. बरोबर एक मोठे डॉक्टर, कोणाचा तरी फोन आलेला, सगळे घाईत. पेशंटबरोबर सलाईनचा लोखंडी स्टँड होता. मी दारात आडवी उभी राहिले, म्हटलं, सर, आमचा स्टँड आणते, दोन मिनिटं. ते म्हणाले, "तू कोण मला सांगणार?" आणि मला बाजूला सारून ट्रॉली पुढे घेतली. ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं, मीच त्यांना शिकवलं होतं. पण मोठ्या डॉक्टरांसमोर मामांनी काय बोलायचं? त्यांनी ऐन वेळी स्टँड दोन्ही हातांनी धरला, तरी तो सुटला. मशीनच्या तोंडावर आदळला आणि तिथेच चिकटून बसला. पेशंटचं डोकं हातभर अंतरावर होतं.

कोणाला लागलं नाही. आठवड्याभराने मेमो आला तो मला. पेशंटला ताटकळत ठेवलं आणि वरिष्ठांशी उद्धट बोलले म्हणून. मामांना त्याच महिन्यात दुसरीकडे हलवलं. त्यांची मुलगी तेव्हा दहावीला होती आणि त्यांना घराजवळची ड्युटी हवी होती. मला अजून त्यांचं वाईट वाटतं.

आता मी बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात काम करते. गेल्या हिवाळ्यात इथेही अगदी तसाच प्रसंग आला. बेशुद्ध पेशंट, भूलतज्ज्ञ, दोन नर्स, सगळे धावत. भूलतज्ज्ञांच्या गळ्यात स्टेथोस्कोप, खिशात लोखंडी उपकरण. मी दारात हात आडवा धरला. ते थांबले, मागे फिरले, खिसे रिकामे करून आले. कोणी आवाज चढवला नाही, नंतर कोणी विषयही काढला नाही. मी मात्र घरी जाताना बसमध्ये बराच वेळ तो हात मांडीवर ठेवून बसले होते.

ते डॉक्टर मुंबईतल्या डॉक्टरांपेक्षा सज्जन आहेत असं मी मानत नाही. फरक नोंदणीचा आहे. इथे "रेडिओग्राफर" हे बिरुद कायद्याने राखलेलं आहे. सरकारी नोंदवहीत नाव नसताना ते लावणं गुन्हा आहे. माझं नाव त्या नोंदवहीत आहे आणि कोणीही ते बघू शकतं. मी निष्काळजीपणे कोणाला आत सोडलं तर माझी चौकशी होईल आणि नाव कापलं जाऊ शकेल. ही टांगती तलवार माझ्या डोक्यावर असते, म्हणूनच दार अडवायचा हक्कही माझा असतो. समोरचा कितीही मोठा असो, त्याला हे ठाऊक असतं. आत कोणाचं हृदय थांबलं तरी मदतीची टीम आत शिरत नाही. आम्ही पेशंटला बाहेर काढतो आणि छाती दाबणं बाहेर चालतं. याची आम्ही रंगीत तालीम करतो, घड्याळ लावून.

परदेशात अपघात होत नाहीत असं कोणी समजू नये. 2001 मध्ये न्यूयॉर्कजवळ सहा वर्षांचा मुलगा ऑक्सिजनच्या सिलिंडरनेच गेला. गेल्या वर्षी, जुलै 2025 मध्ये, त्याच राज्यात गळ्यात व्यायामाची जाड साखळी घातलेला माणूस आत गेला आणि दगावला. पण 2001 नंतर तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने पुढच्याच वर्षी मार्गदर्शक सूचना काढल्या. चार झोन आले: रस्त्याकडून खोलीपर्यंत कोण कुठवर येऊ शकतो आणि कोणाच्या परवानगीने. आज जगात अनेक ठिकाणी एमआरआय विभाग त्या आखणीवर बांधले जातात. मुंबईतल्या चांगल्या रुग्णालयांतही ते झोन असतात. पिवळ्या पट्ट्याही असतात. त्या पट्टीवर उभ्या असलेल्या माणसाचं काय, हे विचारायचं राहून जातं.

आता आतेभावाच्या मुद्द्याकडे येते, कारण तो चुकीचा नाही. इथे सहा आठवड्यांच्या आत तपासणी व्हावी असा नियम आहे आणि तो वर्षानुवर्षं पाळला जात नाही. एमआरआयच्या ज्या शोधासाठी 2003 चं नोबेल मिळालं त्यातला अर्धा वाटा नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफिल्डचा, म्हणजे इथून तासा-दीड तासाच्या अंतरावरचा. आणि इथले लोक गुडघा धरून महिनोन्‌महिने वाट बघतात. माझी शेजारीण, सत्तरीची बाई, अशीच थांबली आणि शेवटी एकटीच आली. इथे बहुतेक पेशंट एकटे येतात. मुंबईत मी एका पेशंटमागे चार नातेवाईक बाहेर काढायचे तेव्हा वैतागायचे. आता एखादी म्हातारी कोट काढून घडी करून मांडीवर ठेवते आणि तो धरायला कोणी नसतं, तेव्हा मला त्या चौघांची आठवण येते.

मुंबईतल्या हातांना जे जमतं ते इथे शिकवूनही येत नाही. मंगळसूत्र काढायला तयार नसलेल्या बाईला समजावणं हे आमच्या धंद्यातलं एक मोठं काम. सोनं ओढलं जात नाही, पण काळे मणी कधी पोलादी तारेत ओवलेले असतात, आकडा कशाचा असतो कळत नाही, आणि साखळीला सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. नवरा आजारी, बाई त्याच्याबरोबर आत येणार, आधीच घाबरलेली, आणि तिला आपण म्हणतो मंगळसूत्र काढा. आमच्या विभागातल्या मावशी त्यावेळी पुढे व्हायच्या. आपल्या पदराच्या टोकात ते बांधायच्या, म्हणायच्या, "बघा ताई, माझ्या पदरात आहे, खाली ठेवलं नाही." तेवढ्याने काम व्हायचं. कोणत्याही अभ्यासक्रमात हे नव्हतं. त्या मावशी कंत्राटावर होत्या, दर अकरा महिन्यांनी नवा कागद.

घरी सध्या वाद चालतो तो खाजगीकरणाचा. महापालिकेच्या रुग्णालयात मशीन पालिकेने घ्यावं की कंपनीला जागा द्यावी? माझे बाबा कट्टर विरोधात, आतेभाऊ बाजूने. मी बाबांच्या बाजूला झुकते, पण एक सांगते: इथेही रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये खाजगी कंपनीचा ट्रक येऊन उभा राहतो, त्यात एमआरआय असतो, आणि सरकारी पेशंट तिथे जिने चढून जातात. मात्र त्या ट्रकमधला रेडिओग्राफर माझ्याच नोंदवहीतला असतो. मशीन कोणाचं, याने दारातला नियम बदलत नाही. आपल्याकडे निविदेत टेस्ला किती, चॅनेल किती, दर किती हे सगळं असतं. रात्रपाळीला किती माणसं असतील आणि दारात कोण असेल, हे त्यात लिहा एवढंच माझं म्हणणं आहे. एका माणसाने पेशंट चढवायचा, कन्सोलवर बसायचं आणि दारही राखायचं, हे शक्य नाही. आतेभावाला आत बोलावणारा तो मुलगा निष्काळजी नव्हता. तो एकटा होता.

एक्स-रे आणि सीटीची खोली कशी असावी, तिथे कोण असावं, हे अणुशक्तीनगरचं अणुऊर्जा नियामक मंडळ बघतं, कारण तिथे क्ष-किरण आहेत. एमआरआयमध्ये ते नाहीत, म्हणून तो त्यांच्या कक्षेत नाही. 2021 मध्ये संसदेने तंत्रज्ञ आणि इतर आरोग्य व्यावसायिकांसाठी आयोगाचा कायदा केला. त्यात इमेजिंगवाले आहेत, राज्य परिषदा आहेत, नोंदवही आहे. आम्ही कँटीनमध्ये जे मागत होतो ते जवळजवळ सगळं आहे. ती नोंदवही प्रत्येक सेंटरच्या दारापर्यंत पोचावी यासाठी कोणी मोर्चा काढला तर मी सुट्टी टाकून येईन, हे मनापासून लिहिते.

"तिकडे बसून बोलणं सोपं आहे," आतेभाऊ शेवटी म्हणालाच. मला ते लागलं. मी गेले, हे खरं आहे. पगारासाठी गेले, आणि त्या मेमोनंतर गेले. माझ्या जागी आलेल्या मुलाने अर्ध्या अनुभवावर माझी रात्रपाळी उचलली असेल, तोही हिशोब माझ्याकडेच लागतो. म्हणून मी गप्प बसावं, हे मात्र मला पटत नाही.

परवा पुन्हा फोन आला. आत्याला आता औषध टोचून दुसरा स्कॅन सांगितलाय. मी आतेभावाला बाजूला केलं, आत्यालाच फोन द्यायला सांगितलं. म्हटलं, आत्या, क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी नीट आहे का याची, तपासणी आधी करून घे. आत जाणाऱ्याला खिसे रिकामे करायला लाव. कोणी म्हणालं मशीन बंद आहे, तर म्हणायचं, नसतं, माझी भाची तेच काम करते. आणि मंगळसूत्राच्या पिना आत्ताच काढ, मी फोनवर थांबते.

पलीकडे वाटीत काहीतरी टाकल्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "सात निघाल्या गं. आणि ब्लाउजला एक राहिलीय."