पुरणपोळीवर फुली मारणाऱ्या मॅडमना

काल रात्री साडेदहाला फोन वाजला आणि वजन उतरवायला मी ज्यांची फी भरलीय त्या डाएटच्या मॅडमच्या ग्रुपवर माझं ताट आलं. माझं ताट! माहेरच्या लक्ष्मीच्या जत्रेतलं. केळीचं पान, पुरणपोळी, कटाची आमटी, दोन भजी, कोशिंबीर आणि पोळीवर तूप सोडणारा वहिनीचा हात. या सगळ्यावर मॅडमनी बोटानं जाड लाल फुली ओढलेली. खाली लिहिलेलं, ‘चीटिंग!!! उद्या फक्त काकडी आणि ताक.’ तीन उद्गारचिन्हं. एकात भागलं नसतं.

बरं, फुली पोळीवर तरी नीट मारायची. ती आली वहिनीच्या मनगटावर, हिरव्या बांगड्यांवरून आरपार. ही बाई पहाटे चारला उठून पुरण शिजवायला बसलेली. पंगतीवर पंगती उठल्या तरी चुलीपासून हलली नाही. अंगठ्यापाशी तव्याचा चटका बसलाय, त्यावर हळद दाबलेली फोटोत दिसते. मोठं करून बघा, पिवळं पिवळं दिसतंय. मॅडमनी मोठं करून बघितलं ते फक्त तूप. ‘ऑइल व्हिजिबल’ म्हणे. तुपाला ऑइल म्हणणाऱ्या बाईला मी तीन महिन्यांची फी आगाऊ देऊन बसलेय, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या शिव्यांचा हिशेब लागेल.

मी तिथंच उत्तर लिहायला घेतलं. तर खाली करडी ओळ. फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतात. म्हणजे बघा कारभार. फोटो आपण मॅडमना पर्सनलवर पाठवायचा, प्रामाणिकपणे, तीन वेळचा. त्या तो ग्रुपवर टाकणार, त्यावर फुली नाहीतर बरोबरची खूण करणार, आणि आपण गप बघायचं. शाळेत वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करायचे तेव्हा निदान ‘बाई, मी नाही केलं’ म्हणायची सोय होती. ग्रुपमध्ये माझी विहीण आहे. लेकीच्या वर्गातल्या दोघींच्या आया आहेत. खालच्या गल्लीतली ती एक आहे, जिला माझं काही चुकलं की अन्न गोड लागतं. सगळ्यांनी बघितलं. विहिणीनं तर मला वेगळा मेसेज करून विचारलं, ‘पोळी मैद्याची होती की कणकेची?’

मग फोनच्या नोट्समध्ये लिहायला बसले. दोन परिच्छेद झाले, तिसऱ्यात ‘आपल्यासारख्या विदुषींना’ असा शब्द आला तेव्हा माझं मलाच हसू फुटलं. रागाच्या भरात माझं मराठी एकदम अग्रलेखासारखं होतं. ह्यांनी बाजूनं विचारलं, ‘कुणाला पत्र लिहालीस एवढ्या रात्री?’ मी म्हटलं, झोपा.

जत्रेचं काय सांगायचं? ज्यांच्या गावाला लक्ष्मी आहे त्यांना माहीत आहे. कित्येक वर्षांनी भरते, अख्खं गाव रंगरंगोटी करून बसलेलं असतं, लग्न होऊन गेलेल्या पोरी झाडून परत येतात. एका घरात जेवून बाहेर पडलं की शेजारचे दारातच हात धरतात. पोळी नको म्हटलं तर अर्धी. अर्धी नको म्हटलं तर चतकोर. चतकोर नको म्हटलं तर ‘आमच्यातलं चालत न्हाई व्हय आता?’ हे वाक्य आलं की गेम संपला. पलीकडच्या कन्नड काकूंना वाटलं, ही मराठीत ऐकेना, तर त्यांनी ‘स्वल्प तिन्री, अक्का’ म्हणून वाटीभर पायस पुढं सरकवलं. बेळगावचा सीमाप्रश्न इतकी वर्षं कोर्टात पडून आहे, पण आग्रहाच्या बाबतीत दोन्हीकडच्या बायकांत कधीच मतभेद नव्हता. आणि हे फक्त गोडाच्या दिवशी. तिखटाचा, म्हणजे मटणाचा दिवस अजून यायचाय.

तरी मी एकच पोळी खाल्ली. एक! मॅडमच्याच तक्त्यात एक पोळी तीनशे कॅलरीची लिहिली आहे. आज सकाळी काट्यावर उभी राहिले तर किलोभर जास्त. मॅडमचं लगेच, ‘बघितलंत? एका चीटिंगचा परिणाम.’ अहो मॅडम, एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7,700 कॅलरी. एका रात्रीत किलोभर चरबी चढवायची तर नेहमीच्या जेवणावर पंचवीस पोळ्या खायला लागतील. माझ्या आजोबांनी पैज लावून खाल्ल्या त्यासुद्धा एवढ्या नव्हत्या, आणि ते आखाड्यातले होते. मिठाचं, गोडाचं जेवण झालं की अंगात पाणी धरतं, पोटातलं अन्न असतंच, दोन-तीन दिवसांत ते उतरतं. हे बारावी सायन्सच्या माझ्या लेकीला कळतं. फी घेणाऱ्याला कळत नाही.

आता त्या यादीवर येते. पहिल्या दिवशी हातात दिलेली यादी, चक्क लॅमिनेट केलेली. वर लाल अक्षरांत ‘कायमचे बंद’. कुंदा, मांडे, करदंट (डिंक-सुक्यामेव्याची वडी), पेढा, पुरणपोळी, लाडू, ‘सर्व प्रकारची मिठाई’. खाली हिरव्यात ‘रोज खा’. किन्वा, ॲव्होकाडो, चिया, ग्रीक योगर्ट, ऑलिव्ह ऑइल. बेळगावात राहून कुंदा कायमचा बंद करायचा, आणि ॲव्होकाडो आणायला सुपरमार्केटात जायचं, जिथं एकाच्या किमतीत आठवड्याची भाजी येते. आणलं एकदा. दगडासारखं कडक. तीन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, चौथ्या दिवशी काळं पडलं. सासूबाईंनी विचारलं, ‘ह्याचं नेमकं काय करतात?’ मलाही माहीत नव्हतं.

यादीत जोंधळ्याची भाकरी नाही. ‘मिलेट कुकीज’ आहेत, त्याही मॅडमकडूनच घ्यायच्या. 2023 हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष काय झालं, तेव्हापासून ज्याला त्याला जोंधळा सापडायला लागलाय. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भाकरी, मटकीची उसळ, शेंगांची चटणी, ताक, कच्चा कांदा हेच चाललंय, त्याचं नाव नाही. कुकीच्या पाकिटावर मागं बारीक अक्षरांत वाचा. पहिला मैदा, दुसरी साखर, जोंधळा कुठंतरी पाचव्या नंबरला तोंड लपवून बसलाय. आणि चहात साखरेऐवजी गूळ घाला म्हणे, ऑर्गॅनिक. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला गुळाचं कौतुक सांगता? गूळ काय नि साखर काय, ग्रॅमला चार कॅलरीच्या आसपासच. गुळानं वजन उतरलं असतं तर गुऱ्हाळावरची माणसं वाऱ्यानं उडाली असती.

शुगर-फ्री कुंदा हा आणखी एक छळ. मागच्या महिन्यात कुणीतरी मोठ्या प्रेमानं आणला. ‘हा चालतो तुला.’ कुंद्यात दूध तासन्‌तास आटवतात, ते फुटून दाणेदार होतं, साखर करपायच्या बेताला आली की तो तपकिरी रंग आणि तो वास येतो. साखर काढली की रंग गेला, वास गेला, राहिलं काय, तर खवा. आणि चरबीच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, साखरेच्या दुपटीहून जास्त. म्हणजे चव गेली आणि चरबी तशीच. मी चमचाभर चाखला आणि डबा पुण्याच्या पाहुण्यांच्या पिशवीत घातला. पुण्याचे पाहुणे हा वेगळाच विषय आहे. येताना दोन हात हलवत येतात, जाताना दोन किलो कुंदा, लोणी आणि ‘तुम्ही काय बाबा, कुंद्याच्या गावात राहता, म्हणून वजन’ असा शेरा. राहते मी, खाता तुम्ही.

ह्यांचं तर विचारूच नका. ह्यांनी चहातली साखर सोडली आणि महिन्यात पट्ट्याला नवं भोक. बास. ना यादी, ना फोटो, ना फुली. वर मला सांगतात, ‘मनाचा निग्रह लागतो.’ ज्या माणसाला स्वतःचा रुमाल कुठल्या कप्प्यात असतो हे माहीत नाही, त्यानं मला निग्रह शिकवावा! आणि शिंपी? दुकान माणसांनी भरलेलं असताना टेप लावून ओरडला, ‘वहिनी, गेल्या वेळेपेक्षा दोन इंच वाढलाय हं.’ आपल्याकडच्या बायकांच्या कमरेची मर्यादा डॉक्टर लोक 80 सेंटीमीटर धरतात. माझी किती हे सगळ्या गल्लीला कळलंय, इथं परत लिहीत नाही.

सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला जाते तर तिथं पुढं चालणाऱ्या बायकांचा विषय काय? मटणाला खोबरं भाजून की कच्चं. चार फेऱ्या त्यावर. मग बाहेर पडून लोणी डोसा. त्या सगळ्या माझ्यापेक्षा बारीक आहेत. माझा ह्या गोष्टीवर विशेष राग आहे आणि तो बरा व्हायची लक्षणं नाहीत.

कायमचं बंद म्हटलं की काय होतं, हे मी रोज रात्री अकराला अनुभवते. पांघरुणात फोन घेऊन मांडे करतानाचे व्हिडिओ बघते. ती बाई गोळा हातावर घेऊन कोपरापर्यंत पसरवते, पातळ, एकदम पारदर्शक, आणि झपकन उलट्या खापरावर टाकते, वर पिठीसाखर, घडी घालते. एक झाला की दुसरा. आधी आयुष्यात कधी मी मांडे बघत बसले नव्हते. लग्नात मिळाले तर खायचे, नाहीतर आठवणही नाही. यादीनं मला हे व्यसन लावलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्या पोरांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले, कुठल्या हॉटेलात काय मिळतं ते वाचत बसायचे. तरुण पुरुष, स्वयंपाकाशी कधी संबंध नसलेले! मला वाचून एवढं बरं वाटलं. मॅडमना लिंक पाठवली. त्यांनी अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, ‘वॉटर इनटेक वाढवा.’

माझं म्हणणं साधं आहे. जत्रेची पोळी वर्षानुवर्षांनी येते. कुंदा सणाला, पाहुण्याला, पास झालं तर. मांडे लग्नात. ह्या गोष्टींनी माझं वजन वाढलेलं नाही, त्या सोडून मी काय मिळवणार? माझं वजन वाढवलंय ते उभ्या-उभ्यानं खाल्लेल्या वस्तूंनी. लेकीनं ताटात टाकलेला घास, ‘वाया जायला नको’ म्हणून. दुपारी चारची कॅम्पातली खारी, जी मला फारशी आवडतही नाही, फक्त डबा ओट्यावर असतो. शेवटच्या पुरीचा अर्धा तुकडा. टीव्हीपुढचा चिवडा. ह्यातलं काहीही यादीत नाही. कारण ह्यातल्या कशालाही मिठाई म्हणत नाहीत आणि कशाचाही फोटो निघत नाही. हे सोडायला मी आज तयार आहे. खारीचा डबा कामवाल्या मावशींना देऊन टाकला. त्यांनी घेतला आणि म्हणाल्या, ‘मला बी डॉक्टरनी नको म्हटलंय.’ आता तो डबा वॉचमनकडे आहे.

आणि हो, चहा. आपल्या घरोघरी जसे चार होतात तसे माझेही, दोन-दोन चमचे. आठ चमचे म्हणजे चाळीस ग्रॅम धरा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाची वरून घातलेली सगळी साखर मिळून पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी. चाळीस गुणिले तीस, महिन्याला बाराशे ग्रॅम. जवळजवळ सव्वा किलो साखर, नुसती कपातून. हा हिशेब मी काल रात्री नोट्समध्येच केला, मॅडमच्या तोंडावर मारायला, की बघा, तुमची पोळी तीनशेची आणि माझा चहा रोजचा दीडशेच्या वर, दिवसाला चहा किती होतात हे तुम्ही कधी विचारलंत का? मग लक्षात आलं, हे पाठवलं तर चहावरही फुली येणार. नोट पुसली.

फी परत मिळत नाही, विचारून झालं. तेव्हा तीन महिने मी ग्रुपवर आहेच. परवा तिखटाची पंगत आहे, वहिनीनं आधीच सांगितलंय, रस्सा काळा करणार. फोटो जाणार, वाटीसकट. ह्या खेपेला हात मध्ये येऊ देणार नाही, एवढीच काळजी घ्यायची.