फिकं पडलेलं कोरल फेकू नका

पुण्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे आणि कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर उन्हाळा आला की एक संदेश फिरू लागतो: "कोरल मिटलं किंवा पांढरं पडलं की ते गेलं समजा. वाचवायचंच असेल तर लाईट वाढवा, रोज खाणं घाला, निम्मं पाणी बदला. तरी उघडलं नाही तर दगड उकळून साफ करा आणि नवीन कोरल बसवा." या सल्ल्यापायी जगू शकणारे जीव कचऱ्यात जातात, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

मिटलेलं कोरल मेलेलंच असतं असं नाही. लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारखं दिसणारं मऊ कोरल, तर अधूनमधून मिटतंच. त्याच्यावर मेणचट पापुद्रा धरतो आणि कधीकधी आठवडाभर, कधी त्याहून जास्त ते तसंच राहतं. पापुद्रा वाहून जाईल इतका प्रवाह द्या, बाकी छेडू नका. पांढरं पडणं ही गोष्ट वेगळी. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. रंग आणि बरंचसं अन्न त्याच्याकडूनच येतं. पाणी तापलं की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं. मशरूम जातीचं कोरल पांढरंफटक दिसतं, पण अंग शाबूत असतं, आणि शैवाल परत येऊ शकतं. खरोखर मरणारं कोरल विरघळतं, बुळबुळीत होतं, कुजका वास येतो. तेवढं मात्र लगेच बाहेर काढा.

लाईट वाढवण्याचा सल्ला सगळ्यात घातक. ताणाखालच्या शैवालाला प्रकाश पेलत नाही. त्यातून पेशींना जाळणारी ऑक्सिजनची संयुगं तयार होतात. म्हणून उलट करायचं: लाईट निम्म्यावर आणा किंवा कोरल सावलीत सरकवा, आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा.

खाण्याचं थोडक्यात. मिटलेलं कोरल खात नाही, घातलेलं सडतं. तोंड उघडत असेल तर आठवड्यातून एकदोनदा, अगदी बारीक खाणं पुरे. पाणी अतिस्वच्छ असलं तरी कोरल फिकं पडतं, तेव्हा नायट्रेट आणि फॉस्फेट ही पोषकद्रव्यं शून्यावर तर नाहीत ना, हे आधी तपासा.

निम्मं पाणी एकदम बदललं की खारटपणा, तापमान, अल्कलिनिटी (आम्लता रोखून धरायची पाण्याची क्षमता) सगळंच हलतं आणि आजारी कोरलला दुसरा धक्का बसतो. दहा टक्के बदला, आदल्या दिवशी मीठ मिसळून ठेवलेलं, त्याच तापमानाचं. पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन, वाघोली-उंड्रीकडच्या टँकर-बोअरच्या पाण्यात क्षार. स्वयंपाकघरातला आरओ पुरेल असं अनेकांना वाटतं, पण त्यातले बरेच चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्याजवळ येईल असं, आरओनंतर डीआय म्हणजे उरलेले क्षार काढणारा फिल्टर लावलेलं पाणीच घ्या.

आणि मूळ दुखणं उष्णतेचं असेल तर इलाज पाण्याच्या पृष्ठभागावर आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला भिडतो, पण हवा कोरडी असते. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. मीठ उडत नाही, म्हणून भर रोज गोड्या पाण्याचीच घाला. पंचवीस-सव्वीस अंश आणि ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारटपणा दिवसेंदिवस टिकला, तर कोरल स्वतःच सावरू लागतं.

उकळण्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो: झोआ आणि पॅलिथोआ ही बटणांसारखी झुपक्याने वाढणारी कोरलं बसलेला दगड कधीही उकळू नका, ब्रशने घासू नका. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. दगड उकळताना निघालेल्या वाफेने घरातली माणसं इस्पितळात गेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. हातमोजे, चष्मा घाला आणि दगड पाण्याखालीच हाताळा.

नवीन कोरल आणायचंच झालं, तर कुठलं आणता ते पाहा. दगडी सांगाडा बांधणारी सगळी कोरलं, तसंच ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जी अनुसूची, तीच यांना. दुकानदार "सगळेच ठेवतात" म्हणाला तरी घेऊ नका.