तूट

काल सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर मी मटकन खाली बसलो, डोळ्यापुढे काजवे, हात गार, आणि अजून अर्ध्या पायऱ्याही झाल्या नव्हत्या. दोनशेच्या आसपास तर पायऱ्या आहेत, शाळेच्या सहलीत पळत चढलोय मी त्या. असो.

वरून एक आजोबा उतरत होते. पायात साधी चप्पल, आभाळ स्वच्छ असताना हातात छत्री.

"काय रे बाळा, उपास का?"

"नाही हो, कॅलरी डेफिसिट चालूये."

डेफिसिट म्हटल्यावर चेहरा असा खुलला म्हणता! आयुष्य बँकेत गेलेलं. शेजारी फतकल मारली. "म्हणजे तूट. किती?"

"रोज अकराशे."

"आणि भरून कुठून काढतोस?"

"चरबीतून."

"अरे चरबी म्हणजे एफडी! पहाटे सहाला एफडी मोडून देतं का कोणी? चढायला रोकड लागते. रात्री काय जेवलास?"

"काकडी. आणि दोन अंड्यांचं पांढरं."

"बलक?"

"टाकला."

ते इतके दुखावले की जणू मी त्यांच्याच बँकेची तिजोरी उघडी टाकून घरी गेलो होतो. तेवढ्यात चार माणसं जमली, जमणारच, नाशिककरांना सकाळी दुसरं काम काय. "काय झालं?" "काही नाही, यांची तूट आहे." एक मावशी म्हणाल्या फिट असेल, चप्पल हुंगवा. आणि आजोबा खरंच वाकून चप्पल काढायला लागले हो! मी ताडकन उभा राहिलो. चक्कर वगैरे सगळी जागच्या जागी गायब. मग आजोबांनी खिशातून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला आणि मी तो संपवेपर्यंत समोर उभे राहिले, सही घ्यायची बाकी ठेवली फक्त.

वैताग याचा आहे की म्हातारा बरोबर बोलत होता. व्यायामाला लागणारी झटपट साखर स्नायूत आणि लिव्हरमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठते, लिव्हरमधली रात्रीतून बरीच उतरते, चरबी आपली सावकाश जळत राहते. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, म्हणजे रोज पाचशेची तूट ठेवली तरी पंधरा दिवसात किलो जातो. हे सगळं मला नेटवर फुकट मिळालं. आमच्या ट्रेनरने मात्र तीन महिन्यांची फी आगाऊ घेऊन 84 किलोच्या माणसाला बाराशे कॅलरीचा कागद दिला, तोच कागद माझ्या शेजारच्या पंचावन्न किलोच्या वहिनींनाही दिलाय, नाव तेवढं पेनाने बदललंय. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तेव्हा काय टाळ्या! पाणी होतं ते बहुतेक, ग्लायकोजेनबरोबर तेही निघून जातं. विचारलं तर म्हणतो सर, विलपॉवर कमी पडतेय. विलपॉवर! तीन रविवार मिसळीच्या वासातून नाक दाबून गेलोय मी, तर्रीकडे बघितलंसुद्धा नाही.

आज केळं खाऊन गेलो. वरपर्यंत चढलो, कुठेही न बसता, आणि ते बघायला आजोबा आलेच नव्हते. खाली उतरलो तर पायथ्याचा रसवाला गाडीवरून ओरडला, "काय साहेब, भरली का तूट?"

चार गिऱ्हाईकं वळून बघायला लागली.