५५ जिंकले, ६० हरले

कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे पहिले कोच जेम्स नेस्मिथ. त्या संघाच्या आजवरच्या कोचपैकी जिंकले कमी (५५ सामने) आणि हरले जास्त (६०), असे हे एकटेच. आणि बास्केटबॉल हा खेळ जन्माला घातला तोही यांनीच!

शाळेत पी.टी. शिकवतो मी. दर वर्षी मीटिंगमध्ये एकच प्रश्न असतो, 'सर, ट्रॉफ्या किती आल्या?' परीक्षा जवळ आली की पहिला तास जातो तो माझा. म्हणून हे लिहितोय.

नेस्मिथ स्वतः अमेरिकन फुटबॉलचे लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत समोरच्याला भिडणारे खेळाडू. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संघटना) प्रशिक्षण संस्थेत शिकताना सेंटरला खेळायचे. सेंटर म्हणजे ऐन मधली जागा. वाकून बॉल पायांमधून मागे द्यायचा, मान वर करेपर्यंत समोरचा गडी अंगावर आलेला असतो. रोजच्या रोज धडका.

१८९१ च्या डिसेंबरात, थंडीने जिममध्ये अडकलेल्या पोरांसाठी नवा खेळ काढायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी विचार केला, बॉल घेऊन पळणाऱ्यालाच पाडावं लागतं ना? मग पळूच द्यायचं नाही. पीच फळांच्या टोपल्या टांगल्या १० फुटांवर, म्हणजे ताकदीने भिरकावून भागत नाही, बॉल अलगद वर सोडावा लागतो. माझं तर ठाम मत आहे, ज्याने अंगावर धडका घेतल्या त्यालाच हे सुचू शकतं. आमच्या सातवीतली एक किरकोळ पोरगी परवा दोन दांडग्या मुलांच्या वरून बास्केट करून गेली, तेव्हा मला नेस्मिथच आठवले.

पुढे ते डॉक्टर झाले, १८९८ मध्ये कॅन्ससला आले. नऊ सीझन कोच, आणि १९३७ पर्यंत शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक.

त्यांच्या शेवटच्या विद्यार्थ्यांत जॉन मॅक्लेंडन होता. कृष्णवर्णीय म्हणून त्याला विद्यापीठाच्या संघात जागा नव्हती. नेस्मिथनी त्याला जवळ केलं, कोचिंग शिकवलं. हाच मॅक्लेंडन पुढे टेनेसी स्टेट विद्यापीठाचा कोच झाला आणि १९५७, ५८, ५९ अशी लागोपाठ तीन वर्षं त्याच्या संघाने एनएआयएची (अमेरिकेतल्या कॉलेजांची एक क्रीडा संघटना) राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पहिल्या विजयाच्या वेळी नेस्मिथना जाऊन १७ वर्षं होऊन गेली होती. हे तीन विजय त्या ५५ मध्ये कुठेच धरलेले नाहीत.

उद्या सातवीचा माझा तास पुन्हा गणिताला मागितलाय. या वेळी मी देणार नाही.