इतिहास आणि विज्ञान सगळ्या मुलांना एकत्रच शिकवा

घरीच शिकवणाऱ्या आईबाबांना मी परत परत हेच सांगते, गणित आणि भाषा प्रत्येक मुलाला त्याच्या त्याच्या लेव्हलने वेगळी शिकवा, पण इतिहास आणि विज्ञान सगळ्यांना एकत्र बसवून शिकवा. तीन मुलं, तीन इयत्ता, प्रत्येकाचं इतिहासाचं पुस्तक वेगळं नि विज्ञानाचं वेगळं, म्हणजे रोज सहा तास वेगळे घ्यायचे, कोण करणार हे? थोड्याच दिवसांत माणूस दमतो आणि मग विज्ञान म्हणजे धडा वाचा आणि खालचे प्रश्न सोडवा एवढंच उरतं.

गणितात पायऱ्या असतात, भागाकार येत नसेल तर पुढचं सगळं अडतं. इतिहासाचं तसं नाही. सहा वर्षांच्या मुलीला आणि तेरा वर्षांच्या मुलीला एकच गोष्ट सांगता येते, फक्त त्या दोघी त्यातून वेगवेगळं उचलतात.

आमच्याकडे हवेचा दाब असाच झाला. ग्लास पाण्याने काठोकाठ भरायचा, वर जाडसर कागद ठेवायचा, तळव्याने दाबून ग्लास उलटा करायचा आणि हात हळूच काढून घ्यायचा. कागद पडत नाही, पाणी पण पडत नाही. धाकटी तेच परत परत करत बसली. मधला ग्लासखाली वाकून बघत होता आणि विचारत होता की कागद धरलाय कुणी. मी उत्तर दिलं नाही, सरळ इतिहासात गेले.

पाणी वर ओढणारे पंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढवायचेच नाहीत आणि का ते कुणाला कळत नव्हतं. ॲरिस्टॉटलच्या काळापासून लोक मानत होते की निसर्गाला पोकळी चालत नाही, म्हणून पाणी वर येतं. मग दहा मीटरनंतर चालते का? १६४३ च्या सुमारास इटलीत तोरिचेल्ली नावाच्या शास्त्रज्ञाने पाण्याऐवजी पारा घेतला, एका टोकाला बंद असलेली नळी त्याने भरली आणि पाऱ्याच्या भांड्यात उलटी केली. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, तो नळीत साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबला, कारण बाहेरची हवा दाबून तेवढंच वजन तोलून धरते, आपल्या ग्लासचा कागदही तीच धरते (पारा घरी अजिबात आणू नका, विषारी असतो, चित्र पुरतं). थोरलीने ७६ गुणिले १३.६ केलं, आलं १०३३.६ सेंटिमीटर, म्हणजे दहा मीटर आणि वर थोडं. "अगं आई, तेच आलं!" असं म्हणून तिने वही माझ्यासमोर धरली.

मग १६४८ मध्ये फ्रान्समध्ये पास्काल या शास्त्रज्ञाने बहिणीच्या नवऱ्याला पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर पाठवलं, तिथे पारा आणखी खाली उतरला, कारण वर हवेचा थर कमी. मग १७१२ चं इंग्लंडमधल्या न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन, सिलिंडरमधली वाफ थंड केली की आत पोकळी होते आणि बाहेरची हवा पिस्टन खाली ढकलते, त्यावर खाणीतलं पाणी उपसायचे. मग १७६९ मध्ये जेम्स वॅटचं सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाचं पेटंट, मग कापड गिरण्या, धुराने भरलेली शहरं, खाणीत राबणारी लहान पोरं. आता हा तास इतिहासाचा की विज्ञानाचा, सांगा तुम्हीच.

नंतर धाकटी तोंडी सांगते आणि मी लिहून घेते, मधला चित्र काढून भागांना नावं देतो, थोरली पानभर लिहिते. भिंतीवर कागदाची लांब पट्टी आहे, शंभर वर्षांना १० सेंटिमीटर, म्हणजे ५००० वर्षं ५ मीटरमध्ये बसतात. त्यावर ॲरिस्टॉटल ते तोरिचेल्ली जवळजवळ दोन मीटर आणि तोरिचेल्ली ते न्यूकोमेन जेमतेम सात सेंटिमीटर! हे वाचून समजत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, जुने लोक चुकले असं सांगताना त्यांना मूर्ख ठरवू नका. पोकळीची कल्पना त्या वेळी पटण्यासारखीच होती. नुसत्या थोर शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगितल्या की मुलांना वाटतं हुशार माणसाला आपोआप सुचतं. त्यापेक्षा दर वेळी विचारा, हे कशावरून कळलं? डोंगरावर पारा उतरला हे मापून कळलं, आणि ते मापलं होतं हे आज आपल्याला माहीत आहे कारण पास्कालने ती हकिगत त्याच वर्षी छापली. दोन्ही विषयांत पुरावाच मागायचा असतो.

लहानांना सगळं कळतं का? नाही कळत, आणि कळायची गरजही नाही, तीन-चार वर्षांनी इतिहासातला तोच काळ आम्ही परत घेतो तेव्हा मधला थोरलीच्या जागी असतो. मोठ्या मुलांना मात्र साधारण चौदाव्या वर्षापासून रसायनशास्त्राची समीकरणं, भौतिकशास्त्रातली गणितं यासाठी वेगळा वेळ द्यावाच लागतो, तिथे गोष्टीवर भागत नाही. तो वेळ मी धाकटी दोघं खेळत असताना काढते, आणि गोष्टीच्या तासाला थोरली तरीही येऊन बसते, कारण आता मधल्याच्या प्रश्नांना तीच उत्तरं देते.