चाळिसाचे त्रेसष्ट

आगमनाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या रविवारी चर्चमधून घरी आलं, की आत्या चहाच्याही आधी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे करते. त्या डब्यात मी जन्मात बिस्किट पाहिलेलं नाही. एरवी सुया-बटणं असतात, त्या दिवशी चिठ्ठ्या. घरातल्या सतरा जणांनी एकेक उचलायची आणि ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी नाताळची भेट स्वतःच्या हातानं करायची. विकतची वस्तू उघडकीला आली, तर पंचवीस तारखेच्या जेवणाची सगळी भांडी घासायची. नगरच्या आमच्या घरात हा कायदा मला कळायला लागल्यापासून आहे आणि त्यावर अपील नाही.

माझं आजवर बरं चाललं होतं. लहान पोरांची नावं निघायची. पोरांना पुठ्ठ्याचा उंट दिला तरी चालतो; एक पाय कमी पडला तर तो बसलाय असं सांगता येतं. गेल्या साली मात्र चिठ्ठी उलगडली तर आत 'आत्या'.

जिनं मुलींच्या शाळेत 34 वर्षं शिवणकाम शिकवलं, जी उपासनेला बसल्याबसल्या पुढच्या बाकावरच्या ब्लाउजची बाही कुठे चुकली ते हेरते आणि आशीर्वाद होईपर्यंत कसाबसा दम धरते, तिला मी हातानं काय करून देणार?

मी शास्त्राचा आधार घेतला. "आत्या, मागी लोकांनी बाळ येशूला काय दिलं? सोनं, ऊद नि गंधरस. त्यातलं हातानं केलेलं एक तरी होतं का?"

"ते ताऱ्यामागे देश ओलांडून आले. तू पुण्याहून एसटीनं येतोस."

"बरं, योसेफ तर सुतार होता. तरी बाळाला गव्हाणीत ठेवायची पाळी आली. घरचा कारागीर वेळेवर वस्तू देत नाही, हे तेव्हापासूनचं आहे."

यावर तिनं चष्म्यावरून पाहिलं. दोरा विसरून आलेल्या मुलींकडे ती असंच पाहत असणार.

दंडाबद्दल आणखी एक मुद्दा होता, तो मी गिळला. आमच्या नगरात 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. ते चालवणारी संस्था बॉस्टनची. आणि त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी 1659 ते 1681 नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता! म्हणजे त्यांच्या गावी एके काळी नाताळ केला म्हणून दंड, आमच्या घरी नीट केला नाही म्हणून. पाच शिलिंग मी आनंदानं भरले असते. सतरा जणांच्या बिर्याणीची पातेली काय असतात, ते त्या प्युरिटनांना ठाऊक नव्हतं.

शेवटी मफलर ठरला. मफलर म्हणजे सरळ पट्टी. बाही नाही, गळा नाही, चुकायला जागाच नाही, असा माझा हिशोब. मरून लोकरीचे चार गोळे आणले, सुया आणल्या आणि यूट्यूबवरच्या एका बाईंना गुरू केलं. 40 टाके घातले. सुलटा टाका तेवढा शिकलो, उलट्याच्या वाटेला गेलो नाही. घरात गुप्तता राखायची म्हणून बाथरूममध्ये बसून विणायचो. बाहेरून बायकोला ऐकू जायचं, "आत घाल... दोरा फिरव... ओढ... सोड!" चौथ्या दिवशी तिनं दार ठोठावून तब्येत विचारली.

दहाव्या ओळीला टाके मोजले तर 43. मी कुणाला बोलावलं नव्हतं. कडेचा टाका दोनदा उचलला जायचा. मध्येच दोरा चुकून सुईवर पडला, की पुढच्या ओळीत तोही टाका म्हणून मिरवायचा. अधूनमधून एखादा सुटायचा आणि शिडी पाडत खाली घरंगळायचा. एवढी गळती होऊनही आकडा काही घटत नव्हता. वीस डिसेंबरला 63. मफलर एका टोकाला वीतभर, दुसऱ्या टोकाला दीड वीत. मधल्या एका भोकातून बोट जातं का पाहिलं. गेलं. मग ते बाहेर काढायला बायकोला सगळं सांगावं लागलं.

चोवीसच्या रात्री गाणाऱ्यांची टोळी दारी आली. पेटी, ढोलकी, टाळ, आणि टिळकांची भजनं. (टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन. आमच्या घरी टिळक म्हटलं की हेच. पुण्यात खुलासा करावा लागतो.) आत्या डोळे मिटून गात होती आणि शेजारी मी मनातल्या मनात टाके बंद करत होतो: दोन वीण, पहिला दुसऱ्यावरून ओढ. झोपताना मनापासून प्रार्थना केली. जगाच्या शांतीसाठी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकासाठी, आणि उद्या ऐन वेळी लाइट जाण्यासाठी.

लाइट गेली नाही. उपासना झाली, जेवणं झाली, सुरूच्या फांदीखालून एकेक पुडकं निघू लागलं. चुलतभावानं कामट्यांची चांदणी केली होती. दोन पंचकोनी ताऱ्यांची टोकं एकमेकांना बांधून मध्ये पाच टेकू दिलेले, त्यामुळे पोट कसं छान फुगलेलं. असा भाऊ कुणाला नसावा.

मग आत्या. तिनं कागद फाडला नाही. सेलोटेप नखानं सोडवून आधी त्याची घडी घातली. मफलर मांडीवर पसरला. कड धरून ओठ हलवत मोजलं.

"सुरुवात चाळीस, शेवट त्रेसष्ट."

"हो."

"शिकवलं कुणी?"

"यूट्यूबवर एक बाई आहेत."

"विद्यार्थी किती त्यांना?"

"अकरा लाख."

"तरीच. एका वर्गात एवढे घेऊ नयेत." तिनं लोकर दोन बोटांत चुरून पाहिली. "लोकर चांगली आहे रे." आणि टोक शोधून ओढलं.

तीन आठवड्यांची मेहनत सरसर उसवत गेली. "हात पुढे कर," आत्या म्हणाली. मी दोन्ही हात पुढे धरले आणि ती त्यांवर लोकर गुंडाळू लागली. लडी करून धुतल्याशिवाय तिचा पीळ जात नाही म्हणे. बाकीचे सगळे करंज्या खात होते. भाचीला माझी दया आली. तिनं एक करंजी माझ्या तोंडात कोंबली, निम्मं सारण लोकरीवर.

"हलू नकोस," आत्या म्हणाली. "परत कधी निघणार पुण्याला?"

"उद्या सकाळच्या गाडीनं."

"परवाची बघ. वाळायला एक दिवस लागेल." आणि एका हातानं लोकर धरून दुसऱ्या हातानं तिनं बिस्किटांचा डबा ओढला. त्यातून सुया काढून माझ्यासमोर ठेवल्या.

"चाळीसच घालायचे," ती म्हणाली.